वाचकांचे प्रश्न : इंडोनेशिया, जायफळ, मराठा पलटण आणि खचत चाललेलं जाकार्ता

मागच्या अंकात इंडोनेशियाची राजधानी जाकार्ताहून हलवून बोर्निओच्या जंगलात नेतायत त्यावर लेख दिला होता. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या महिन्याचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी जमणार नाही, जे प्रश्न खूप जणांनी विचारले ते एकत्र केलेत आणि काही एकेकट्याचेच पण फार चांगले होते ते तसेच घेतलेत.

प्रश्न : सतरा हजार बेटं, शेकडो भाषा, एवढे धर्म. हा देश एकत्र राहिलाच कसा? आपल्याकडे भाषेवरून केवढी भांडणं होतात. (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

आधी आकार डोळ्यासमोर आणा. पश्चिम टोकाचं साबांग ते पूर्व टोकाचं मेराउके हे अंतर 5 हजार किलोमीटरच्या वर जातं, देशात तीन वेगवेगळ्या वेळा चालतात, लोकसंख्या 28 कोटींच्या आसपास आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक एकट्या जावा बेटावर. जावाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे आणि तिथं 15 कोटींवर माणसं राहतात. म्हणजे संख्येच्या जोरावर जावावाल्यांनी बाकीच्यांवर आपली भाषा लादली असती तर कोण अडवणार होतं?

पण त्यांनी तसं केलं नाही, आणि माझ्या मते या देशाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. 28 ऑक्टोबर 1928 ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, वेगवेगळ्या बेटांवरच्या तरुण संघटनांची परिषद झाली आणि तिथं शपथ घेतली गेली की मातृभूमी एक, राष्ट्र एक आणि एकतेची भाषा एक, इंडोनेशियन. ही भाषा मूळची मलय. बंदरांमधली, व्यापाऱ्यांची, वेगवेगळ्या बेटांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून चालणारी. तेव्हा ती मातृभाषा असलेले लोक पाच टक्क्यांच्या आसपास होते आणि जावानीज बोलणारे चाळीसेक टक्के. त्या परिषदेतल्या कित्येकांना मलयपेक्षा डच जास्त सवयीची होती तरी त्यांनी हे ठरवलं. राष्ट्रगीताची चाल पण तिथंच पहिल्यांदा वाजली, सुप्रातमान नावाच्या तरुणानं व्हायोलिनवर, शब्द न गाता, कारण देश तेव्हा डचांच्या ताब्यात होता आणि त्यांचे पोलीस हजर होते.

जावानीज का नको याचं एक कारण त्या भाषेतच आहे. त्यात समोरचा माणूस कोण यावरून अख्खे शब्दच बदलतात. साधं जेवणे घ्या, मित्राशी बोलताना मांगान, जरा अदबीनं नेढा, आणि मोठ्या माणसाच्या जेवणाबद्दल बोलायचं तर ढाहार. लहानपणापासून त्यात वाढलेल्यालाच जमतं, आणि प्रत्येक वाक्यात कोण वरचा कोण खालचा हे ठरतं. समान नागरिकांचा देश उभा करायचा तर अशी भाषा अडचणीची होती हे जावातल्याच पुढाऱ्यांना दिसत होतं. जावानीज घरात राहिली, शाळेत आणि ऑफिसात इंडोनेशियन आली. आजही तिथं सातशेच्या वर भाषा आहेत.

दुसरा प्रसंग 18 ऑगस्ट 1945 चा. आदल्या दिवशी स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी सुकार्नो आणि हाट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलेलं आणि घटनेच्या मसुद्यात सात शब्द होते, अर्थ असा की मुसलमानांनी शरिया पाळणं बंधनकारक राहील. पूर्वेकडच्या बेटांमधून, जिथं ख्रिश्चन बरेच आहेत, निरोप आला की हे शब्द राहिले तर आम्हाला या देशात यायचं का याचा विचार करावा लागेल. हाट्टा स्वतः धर्मनिष्ठ मुसलमान. सकाळी त्यांनी मुस्लिम नेत्यांना बाजूला घेतलं, बोलणं झालं, आणि ते सात शब्द काढले. बहुसंख्याकांनी दोनदा आपला हक्क सोडला, एकदा भाषेचा एकदा धर्माचा, म्हणून हा देश झाला असं मला मनापासून वाटतं. आणि जिथं जिथं जाकार्तानं नंतर हे विसरून फक्त सैन्य पाठवलं, पूर्व तिमोरमध्ये, आचेमध्ये, पापुआमध्ये, तिथं रक्त सांडलं. तिमोर 1999 च्या सार्वमतात बाहेर पडलं. आचेत तीस वर्षं बंदुका चालल्या, 2004 च्या त्सुनामीनं तो प्रदेश उद्ध्वस्त केला आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीत करार होऊन शांतता आली. पापुआत 1969 साली 1,025 निवडक माणसांना पुढं करून सामीलनामा घेतला गेला, लाखो लोकांना विचारलंच नाही, आणि ती जखम अजून ओली आहे.

प्रश्न : इंडोनेशियाच्या 20 हजारच्या नोटेवर गणपती आहे असा फोटो दर गणेशोत्सवात फिरतो. खरं आहे का? मुसलमान देश असून ते रामायण मानतात असंही वाचलं. (नाशिक)

नोट खरी होती, आता नाहीये. 1998 ची मालिका, त्यावर की हजार देवांतारा यांचं चित्र आणि शेजारी गणपती. देवांतारा म्हणजे स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले शिक्षणमंत्री, डचांच्या काळात 1922 साली योग्याकार्तात देशी मुलांसाठी शाळा काढणारा माणूस, आणि गणपती तिथं विद्येचं चिन्ह म्हणून होता. बांडुंगच्या मोठ्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हातही गणपती आहे. ती नोट केव्हाच चलनातून गेली, त्यामुळे फोटो फॉरवर्ड करताना "आहे" ऐवजी "होती" लिहा एवढंच.

रामायणाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण आपल्याकडे या विषयावर दोनच प्रकारचे मेसेज येतात, एक तर "बघा ते अजून आपलेच आहेत" किंवा मग "जगातला सगळ्यात मोठा मुस्लिम देश" एवढंच. दोन्हीत तिथली माणसं दिसत नाहीत. जावातला शेतकरी पाच वेळा नमाज पढतो आणि रात्रभर चामड्याच्या बाहुल्यांचा वायांगचा खेळही बघतो, त्यात अर्जुन असतो, भीम असतो, आणि सगळ्यांचा लाडका सेमार असतो जो आपल्या महाभारतात कुठंच नाही. पोट सुटलेला, दिसायला साधा नोकर पण मुळात देव, आणि राजांना चार शब्द सुनावण्याचा हक्क त्याला. हे सगळं त्यांचंच आहे, त्यांनी हजार बाराशे वर्षं वापरून स्वतःचं केलेलं. मुलांची नावं विस्नू, देवी, सीता ठेवतात त्यात त्यांना काही वेगळं वाटत नाही. सुकार्नो हे नावसुद्धा कर्णावरून, लहानपणी सारखे आजारी पडायचे म्हणून वडिलांनी नाव बदललं.

आता याचा अर्थ सगळं गोडगोड आहे असाही नाही. तिथं ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो आणि सरकारमान्य धर्म सहा, इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन. बेटांवरच्या जुन्या स्थानिक श्रद्धा पाळणाऱ्यांना कितीतरी वर्षं यातलाच एखादा धर्म लिहावा लागायचा, 2017 साली तिथल्या घटना न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा वाट मोकळी झाली. आणि त्याच वर्षी जाकार्ताचे ख्रिश्चन, चिनी वंशाचे गव्हर्नर बासुकी पूर्नामा यांना धर्मनिंदेच्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही एकाच वर्षात.

प्रश्न : जाकार्ता खरंच बुडतंय का, की नुसती राजधानी हलवायला दिलेलं कारण? (तिघांनी विचारलंय)

खरंच खचतंय, आणि समुद्र वाढतोय हे त्याचं छोटं कारण आहे. मोठं कारण बोअरवेल. पाइपनं पाणी सगळ्यांपर्यंत पोचलं नाही म्हणून घरं, हॉटेलं, कारखाने सगळे जमिनीतलं पाणी उपसत राहिले, खालची गाळाची माती दबत गेली, वरून इमारतींचं ओझं. उत्तरेकडचे काही भाग 1970 च्या दशकापासून चारेक मीटरपर्यंत खाली गेलेत. मुआरा बारू नावाच्या वस्तीत समुद्राकाठी काँक्रीटची भिंत आहे, भिंतीच्या एका बाजूला समुद्राचं पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला रस्ता आणि घरं खाली, आणि भिंतीच्या पलीकडे पाण्यात एक सोडून दिलेली मशीद उभी आहे. हे बघितल्यावर कोणी कारण खोटं म्हणणार नाही.

पण नवी राजधानी नुसांतारा झाली म्हणून जाकार्तातली माणसं कुठं जाणार? शहर आणि आजूबाजूचा पट्टा धरला तर 3 कोटींच्या वर लोक आहेत, तिकडे जातील ते सरकारी अधिकारी. 2019 ला घोषणा, 2022 ला कायदा, 2024 चा स्वातंत्र्यदिन तिथं साजरा झाला, आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात वेग बराच कमी झालाय. माझं मत विचाराल तर राजधानी हलवण्याआधी नळाचं पाणी घराघरात जायला हवं होतं, टोकियोनं जमिनीतला उपसा बंद केला तेव्हा तिथलं खचणं थांबलं, हे उदाहरण समोर आहे.

प्रश्न : आमच्या गावात डच वखारीचे अवशेष आहेत. डच इकडं मसाल्यासाठी आले असं शाळेत शिकलो, पण जायफळ तर आमच्या बागेत पण आहे! मग एवढ्या लांब इंडोनेशियात का जात होते? (वेंगुर्ले)

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण याचं उत्तर द्यायला मी कधीची वाट बघत होते. तुमच्या बागेतलं जायफळ तिकडूनच आलेल्या झाडांच्या वंशातलं. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सगळ्या जगाला जायफळ आणि जायपत्री पुरवणारी जागा एकच, बांदा बेटं (सावंतवाडीजवळचं आपलं बांदा नव्हे, हे मोलुक्का समुद्रपट्ट्यातलं). नकाशात टिंबासारखी दहा-अकरा बेटं, मधोमध धुमसणारा ज्वालामुखी, आणि मोठ्या केनारी झाडांच्या सावलीत जायफळाची झाडं. फळ पिवळसर, पिकलं की आपोआप उकलतं, आत लालभडक जाळी म्हणजे जायपत्री, तिच्या आत कठीण कवच आणि त्यात जायफळ. तोडायला लांब बांबूच्या टोकाला विणलेली छोटी टोपली लावतात, टोपलीच्या तोंडाला दात असतात त्यात देठ अडकवून हिसका दिला की फळ अलगद आत पडतं, खाली आपटत नाही. अजून असंच तोडतात.

पहिले युरोपियन तिथं पोचले ते गोव्याच्या वाटेनंच. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क 1511 साली गोव्याहून आरमार घेऊन निघाला, मलाक्का जिंकलं, आणि तिथून त्यानं पाठवलेली जहाजं 1512 ला बांद्याला लागली. पोर्तुगीज माल घेऊन परत जायचे. डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 ला निघाली तिला मात्र मक्तेदारी हवी होती, की जायफळ विकायचं तर फक्त आम्हालाच, आम्ही म्हणू त्या भावानं. बांद्याचे लोक शेकडो वर्षं जावा, मलय, अरब, चिनी अशा सगळ्यांशी व्यापार करत आलेले, त्यांना तांदूळ आणि साबुदाणा बाहेरूनच आणावा लागायचा, ते कसं ऐकणार? 1621 साली गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून सैन्य घेऊन आला. बेटांवरच्या 44 प्रमुखांना बांबूच्या कुंपणात उभं करून जपानी भाडोत्री सैनिकांकरवी कापून काढलं. बेटांची वस्ती 15 हजारांच्या आसपास होती असं मानतात, त्यातले हजारभर उरले. बाकी मारले गेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले, काही होड्यांतून पळून दुसऱ्या बेटांवर गेले. मग रिकाम्या झालेल्या बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. श्रीखंडात आणि पुरणात आपण जे चिमूटभर घालतो त्याच्या मागं हे आहे, आणि हे आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला पोटतिडकीनं वाटतं.

त्याच बेटांमधलं रन नावाचं छोटं बेट इंग्रजांच्या दाव्यात होतं, 1667 च्या ब्रेडा करारात ते त्यांनी डचांकडे सोडलं आणि बदल्यात अमेरिकेतलं मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. पुढं नेपोलियनच्या काळातल्या युद्धात इंग्रजांनी बांदा काही वर्षं ताब्यात घेतलं तेव्हा त्यांनी रोपं उचलून पेनांग, सिलोन अशी सगळीकडे नेली आणि मक्तेदारी संपली. तुमच्या वेंगुर्ल्याची वखार 1637 ची, म्हणजे बांद्याच्या कत्तलीनंतर सोळा वर्षांनी, त्याच कंपनीनं उभारलेली. तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायची हा मुख्य उद्देश होता. ती पडझड झालेली वास्तू नीट जपली जावी असं तुम्ही पत्रात लिहिलंय, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा.

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर "जावाला" गेले होते असं घरात सांगतात. युद्ध संपलं तर तिकडं काय करत होते? (सातारा जिल्हा)

घरात सांगतात ते अगदी शक्य आहे. युद्धात जपाननं इंडोनेशिया डचांकडून घेतला होता. ऑगस्ट 1945 ला जपान शरण आला, इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, पण जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि त्यांच्या छावण्यांमधल्या डच कैद्यांना सोडवायचं हे काम दोस्त राष्ट्रांकडून ब्रिटिशांकडे आलं आणि ब्रिटिशांनी पाठवलं हिंदी सैन्याला. ऑक्टोबरमध्ये सुराबाया शहरात 49 वी हिंदी ब्रिगेड उतरली, त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या होत्या.

शहर आधीच पेटलेलं. सप्टेंबरमध्ये तिथल्या यामातो हॉटेलवर डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा लावला तेव्हा पोरं वर चढली आणि खालची निळी पट्टी फाडून टाकली, उरला लाल-पांढरा, म्हणजे इंडोनेशियाचा झेंडा. अशा शहरात ब्रिटिश फौज आली म्हणजे मागून डच येणार हे लोकांनी ओळखलं. ऑक्टोबरच्या शेवटी चकमकी सुरू झाल्या, या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी 30 ऑक्टोबरला मारले गेले, ते ज्या इमारतीजवळ पडले त्या इमारतीत मराठा सैनिकांचीच तुकडी अडकलेली होती. 10 नोव्हेंबरला ब्रिटिशांनी जहाजं, विमानं, रणगाडे सगळं घेऊन हल्ला केला, तीन आठवडे गल्लीगल्लीत लढाई चालली आणि हजारो इंडोनेशियन मेले. हा दिवस ते आजही वीर दिन म्हणून पाळतात.

तुमच्या पणजोबांसारख्या माणसांची अवस्था काय असेल याचा मी खूप विचार करते. स्वतःचा देश पारतंत्र्यात, आणि दुसऱ्या देशाचं स्वातंत्र्य दाबायला पाठवलेले. काही हिंदी सैनिक इंडोनेशियाच्या बाजूला जाऊन मिळाले. इकडे नेहरूंनी हिंदी सैन्य वापरण्याचा जाहीर निषेध केला. नंतर आपलं आणि त्यांचं नातं मात्र फार जवळचं झालं. 1946 ला आपल्याकडे अन्नटंचाई होती तेव्हा स्वतःच अडचणीत असलेल्या त्या नव्या सरकारनं 5 लाख टन तांदूळ देऊ केला, 1947 ला बिजू पटनाईक डचांची नाकेबंदी चुकवून विमानानं तिथले पुढारी सुतान शहरिर यांना तिथून बाहेर घेऊन आले, आणि 1950 च्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे होते सुकार्नो. पणजोबांचं सर्व्हिस रेकॉर्ड हवं असेल तर रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, नाव, नंबर, गाव घालून तिथं अर्ज करून बघा.

प्रश्न : आमच्या भागात बोरी गावाजवळ नदीकाठी ज्वालामुखीची राख सापडते आणि ती इंडोनेशियातून आली असं म्हणतात. खरं? (शिक्षक, जुन्नर तालुका)

हो, कुकडीच्या काठचा तो पांढुरका थर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा मानला जातो. टोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक 74 हजार वर्षांपूर्वीचा, आज तिथं शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, पण त्याआधीही त्याचे मोठे उद्रेक झालेत आणि बोरीची राख नेमकी कुठल्या वेळची यावर संशोधकांत अजून वाद आहे. त्याच थराच्या जवळपास दगडी हत्यारं सापडलीत म्हणून हा वाद महत्त्वाचा, राखेचं वय कळलं की माणसाचं वय कळतं. पोरांना घेऊन जा आणि दाखवा, फक्त खणू देऊ नका.

प्रश्न : इंडोनेशियात मुस्लिम असूनही जमीन मुलींच्या नावावर होणारा समाज आहे म्हणे. (पुणे)

पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ. मातृवंशी समाजांमध्ये जगात सगळ्यात मोठा म्हणून त्यांचं नाव घेतात. कूळ आईचं, वडिलोपार्जित घर आणि भातशेती आईकडून मुलीकडे, लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी येतो. ती घरं बघण्यासारखी असतात, छपराची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली, आणि आत ओळीनं खोल्या. भाच्यांची जबाबदारी मामावर, शेतीचा आणि कुळाचा निर्णय घेताना मामाचा शब्द चालतो, म्हणजे सगळी सत्ता बायकांकडे असं समजू नका, पण पायाखालची जमीन त्यांची असते आणि त्यानं किती फरक पडतो हे आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. इस्लामचे वारसा नियम आहेतच, ते स्वतः कमावलेल्या मालमत्तेला लावतात, कुळाच्या जमिनीला नाही. यावरून एकोणिसाव्या शतकात मोठं युद्धसुद्धा झालं, कडव्या धर्मसुधारकांनी जुन्या चालीरीती मोडायला घेतल्या, डच मध्ये पडले, आणि शेवटी समाजानं दोन्ही सांभाळायचा मार्ग काढला.

आणि घर मुलींचं असल्यामुळे मुलगे बाहेर पडतात, शिकायला, धंदा करायला, ही तिथली रीतच आहे. देशभर पाडांग पद्धतीच्या खानावळी दिसतात त्या यांच्याच, बसलं की दहाबारा बशा समोर मांडतात आणि खाल्लं तेवढ्याचे पैसे. हाट्टा, शहरिर, तान मलाका हे सगळे मोठे पुढारी याच छोट्या समाजातून आले.

प्रश्न : 1965 ला तिथं लाखो लोक मारले गेले असं ऐकलं. याबद्दल कुठंच वाचायला का मिळत नाही? (मुंबई)

कारण तिथंच तीसेक वर्षं त्याबद्दल बोलायला बंदी होती. 30 सप्टेंबर 1965 च्या रात्री काही सैनिकांनी सहा जनरलना मारलं, दोष कम्युनिस्ट पक्षावर टाकला गेला, जनरल सुहार्तो पुढं आले आणि मग काही महिने गावागावात कम्युनिस्ट म्हणून माणसं मारली गेली. निदान 5 लाख असा अंदाज आहे, काही त्याहून बराच जास्त सांगतात. मारलेल्यांत शेतमजूर होते, शिक्षक होते, स्त्री संघटनेतल्या बायका होत्या. बालीत, जिथं आज आपण फिरायला जातो, तिथं प्रमाण फार होतं. लाखो लोक खटला न चालवता तुरुंगात, हजारो जण बुरू बेटावर सक्तमजुरीला, सुटल्यावर त्यांच्या ओळखपत्रावर शिक्का, मुलांना सरकारी नोकरी नाही. सुहार्तो 32 वर्षं राहिले, त्या काळात भात पिकलं, शाळा झाल्या, गरिबी बरीच कमी झाली हे पण खरं, आणि शाळेतल्या मुलांना दरवर्षी सरकारी बाजूचा सिनेमा दाखवला जायचा हे पण खरं. 1998 च्या मे महिन्यात आर्थिक संकटात ते गेले, जाताना चिनी वस्त्यांवर भयंकर दंगली झाल्या. 2023 ला राष्ट्राध्यक्ष जोकोवी यांनी 1965 सह बारा घटनांत मानवी हक्कांचा गंभीर भंग झाला हे मान्य करून खेद व्यक्त केला. खटला मात्र आजवर कोणावर चालला नाही. मारेकरी आणि मेलेल्यांची मुलं अजूनही एकाच गावात शेजारी राहतात.

प्रश्न : दिवाळीच्या फराळाचं तेल महागलं की दुकानदार इंडोनेशियाचं नाव घेतो. (फराळ करून विकणाऱ्या ताई, इचलकरंजी)

दुकानदार बरोबर सांगतो. पामतेलात इंडोनेशिया जगात पहिला आणि आपण त्याचे सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. एप्रिल 2022 ला त्यांच्याकडेच तेल महागलं म्हणून त्यांनी निर्यात तीनेक आठवडे बंद केली होती, तेव्हाचे भाव तुम्हाला आठवत असतील. आणि तिकडे याच तेलासाठी सुमात्रा आणि बोर्निओची दलदलीची जंगलं तोडून जाळली गेली, 2015 ला तर धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत महिनोन्‌महिने होता.

प्रश्न : बाली सोडून काय बघावं? शाकाहारी आहोत. (ठाणे)

योग्याकार्ता. तिथून बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू देवळं दोन्ही होतात. बोरोबुदुरवर चढायला आता रोजची संख्या ठरलेली आहे, गाइडबरोबरच सोडतात आणि दगड झिजू नये म्हणून वेगळ्या चपला देतात, त्यामुळे ते तिकीट आधी ऑनलाइन काढा, सोमवार टाळा. प्रंबाननला मे ते ऑक्टोबर उघड्या मैदानात रामायणाचं नृत्यनाट्य होतं, मागं शंकराचं 47 मीटर उंच देऊळ, ते चुकवू नका. जाकार्ताहून ट्रेननं सहा-सात तासांत पोचता येतं आणि वाटेत भातशेती दिसते. ईदच्या आठवड्यात जाऊ नका, कोट्यवधी लोक गावी निघतात, तिकीट मिळत नाही. खायला टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू सगळीकडे मिळतं, गाडोगाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, आपल्याला आवडतेच. फक्त चटणीत तेरासी नको असं आधी सांगा, तो कोळंबीचा खार असतो आणि बघून ओळखू येत नाही.